आवाज आहे तोवर

जावयानं डावा पाय गवत कापायच्या यंत्राच्या पत्र्यावर रोवला, दोरीची मूठ धरली आणि कमरेतून वळून एकदम ओढली. आत काहीतरी खाकरलं आणि गप्प झालं. त्यानं पुन्हा ओढली. मग पुन्हा. दोरी सुर्रकन आत परतायची, आणि मागच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचे खांदे दर वेळी जरासे वर उचलले जायचे, मग सावकाश खाली यायचे.

पायरीवर बसलेले आप्पा यंत्राकडे बघत होते खरे, पण त्यांचं लक्ष लेकीच्या खांद्यांकडे होतं.

"जावईबापू, आमच्या एक्स्चेंजमध्ये काही अडलं की आम्ही त्याला आधी चहा पाजायचो," ते म्हणाले. "म्हणजे प्यायचो आपणच. तेवढ्यात ते आपलं आपण सुरू व्हायचं."

जावई हसला. त्याचं हसू चांगलं होतं, लग्नाच्या वेळी सगळ्यांनी तेच बोलून दाखवलं होतं. "हे त्यातलं नाही, आप्पा. ह्याच्या पोटात घाण गेलीय. पेट्रोलच्या डब्याचं झाकण कुणी उघडं टाकलं होतं, ते आता काढायला नको."

"मी लावलं होतं झाकण," लेक दारातून म्हणाली.

"मी तुझं नाव घेतलं का?"

जावयानं हात पुसले, गवतावर एक जुनी चादर अंथरली, तिच्या चारही कडा ताणून सरळ केल्या आणि यंत्र खोलायला बसला.

आप्पांनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. कुणाची तार कुणाला जोडून द्यायची, एवढंच काम. माणसं काय बोलतात ते ऐकायचं नाही असा तिथला नियम होता आणि तो त्यांनी पाळला. पण कशी बोलतात, ते कानावर येतच राहायचं. बोलणाऱ्याच्या खोलीत आणखी कुणी उभं असलं की त्याचा आवाज कसा जपून, एका रेषेत चालायला लागतो, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. गेले कित्येक महिने लेकीचा फोन आला की तिचा आवाज तसा चालत होता. 'सगळं छान आहे, आप्पा. गोळ्या घेता ना वेळेवर?' की संपलं. लहानपणी जिची टकळी झोपेतसुद्धा चालायची, म्हणून घरादारानं जिचं नाव ठमी ठेवलं, तिचं आता एवढंच बोलणं. म्हणून काल संध्याकाळी, काहीही न कळवता, ते हातात पिशवी घेऊन येऊन थडकले होते.

दार उघडण्याआधी आतून किल्ली दोनदा फिरली होती. मग दारात जावई. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, कोऱ्या पाटीसारखा. आणि मग ते हसू. "आप्पा! अहो, सांगायचं नाही का? मी आलो असतो घ्यायला."

घर चकचकीत होतं. कुठं धुळीचा कण नाही, भांड्यावर ओघळ नाही. सकाळी आप्पा न्हाणीघरात गेले तेव्हा दाराला आतून कडी सापडेना. कडीच्या जागी चार भोकं होती, पुट्टी भरून, वरून रंग देऊन नीट बुजवलेली. येताना त्यांनी आतल्या खोल्यांची दारं पाहिली. तिथंही तेच.

"गंजल्या होत्या," लेक म्हणाली होती. "ह्यांनी काढून टाकल्या. तुम्ही जा, मी बाहेर उभी राहते."

आता जावई यंत्राचा एकेक भाग काढून चादरीवर ठेवत होता. आधी प्लग, मग हवेची जाळी, मग कार्बोरेटर. काढला त्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकात सारखं अंतर ठेवून. नटबोल्ट आणि बारीकसारीक चिजा एका डब्याच्या उलट्या झाकणात. एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करायचं त्याचं काम. "दिवसभर चुका काढायच्या," तो म्हणाला, "आणि घरी आल्यावर पुन्हा चुकाच. सुट्टी नाही आम्हाला." यावर तो स्वतःच हसला, म्हणून आप्पाही हसले.

"चहा इथंच आण गं," त्यानं मान न वळवता सांगितलं.

लेक ट्रे घेऊन आली. चादरीवर पाय पडू नये म्हणून ती कडेकडेनं, अंग चोरून आली. वाकून तिनं कप खाली ठेवला, आणि बशीची कड त्या झाकणाला लागली. फार नाही, टिचकी मारावी तेवढंच. झाकण कलंडलं. नटबोल्ट गवतात पसरले.

लेक तिथल्या तिथं गुडघ्यांवर बसली आणि वेचायला लागली. आप्पाही पायरीवरून उतरले. नट मिळाले, बोल्ट मिळाले, दोन वायसर मिळाले. जावयानं ते सगळे तळहातावर घेऊन पाहिले.

"स्प्रिंग नाही," तो म्हणाला.

नखाएवढी स्प्रिंग होती ती. तिच्याशिवाय इंजिनाचा वेग आवरत नाही, हे त्यानं मघाशी आप्पांना समजावून सांगितलं होतं. आप्पांना ती दिसली. त्यांच्याच चपलेपाशी, गवताच्या दोन पात्यांच्या मध्ये पडली होती. त्यांनी चपलेचा पंजा अलगद पुढं सरकवून तिच्यावर ठेवला.

ठमीशी त्यांचा हा जुना खेळ होता. तिचं खोडरबर, रिबीन, काय हाताला लागेल ते पायाखाली दडपायचं आणि तिच्याबरोबर घरभर शोधत हिंडायचं. ती रडकुंडीला आली की पाय उचलायचा आणि 'छू मंतर' म्हणायचं. आत्ता हवा जरा जड झाली होती, ती हलकी करावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. लेकीनं मान वर करावी, मग एक डोळा बारीक करून तिला खुणवावं, म्हणून ते वाट बघत राहिले.

ती मान वर करेना. ती गवत बोटांनी विंचरत होती, एकेक पातं बाजूला करत, आणि तिचे ओठ मिटून पांढरे पडले होते.

"सावकाश," जावई म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. त्यानं बाजूची खुर्ची ओढली, लेकीसमोर ठेवली आणि तो खुर्चीत बसला. "काही घाई नाही. सापडेपर्यंत आपण सगळे इथंच बसू. कुणी आत जायचं नाही, कुणी चहा प्यायचा नाही. बरोबर ना?"

"हो," ती म्हणाली.

"काय हो?"

"बरोबर."

"आप्पा बघतायत म्हणून आत्ता काही बोलत नाही मी. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

खेळ आप्पांच्या पायाखालीच मेला. त्यांनी पाय उचलला. "अरे," ते म्हणाले, आणि आपला आवाज त्यांना परका वाटला, "ही तर नव्हे? माझ्याच पायाशी होती बघा."

जावयानं ती उचलली, फडक्यावर पुसली, उजेडात धरून पाहिली. मग आप्पांकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "वय झालं तुमचं," तो हसून म्हणाला. "पायाखाली काय आहे तेही कळेनासं झालं."

लेक उठली. तिच्या गुडघ्यांवर हिरवे डाग पडले होते. आप्पांच्या शेजारून जाताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग होता. लग्न करून जातानाही जिनं 'नीट राहा हं' म्हणून त्यांनाच दटावलं होतं, तिच्या डोळ्यांत असा राग त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांचा खेळ तिला पहिल्या क्षणीच कळला होता.

थोड्या वेळानं रिकामा कप ठेवायचं निमित्त करून आप्पा स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"ठमे," ते हलकेच म्हणाले, "काय चाललंय हे—"

तिनं नळ बंद केला. "साखर हवी का आणखी, आप्पा?" ती मोठ्यानं म्हणाली, आणि डोळ्यांनी खिडकीकडे खुणावलं. खिडकीच्या जाळीपलीकडे जावयाची पाठ दिसत होती. त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर फिरायचा थांबला होता.

"हो," आप्पा म्हणाले. "घाल अर्धा चमचा."

चहा केव्हाच संपला होता. तिनं रिकाम्या कपात साखर घातली, चमचा खळखळ ढवळला. बाहेर स्क्रू ड्रायव्हर पुन्हा फिरायला लागला. साखर वर्ज्य असलेला तो म्हातारा कप घेऊन तसाच परत पायरीवर येऊन बसला.

जावई कार्बोरेटरच्या भोकात फुंकर घालत होता. "मग, परतीचं काय ठरवलंय?" त्यानं विचारलं.

"बघू. आलोय तर दोन-चार दिवस..."

"उद्या सकाळची गाडी बरी. मी सोडतो ना तुम्हाला." त्यानं भोक डोळ्याशी धरलं आणि आरपार पाहिलं. "काय होतं, पाहुणे असले की ही धावपळ करते. आणि मग नंतर आजारी पडते."

"आजारी?"

"पडते हो. मागं तिची एक मैत्रीण येऊन राहिली होती. ती गेल्यावर आठ दिवस अंथरुणावरून उठली नव्हती ही." त्यानं पुन्हा एक फुंकर घातली. "मलाच सगळं करावं लागलं. पण करायचं. आपलंच माणूस."

आप्पांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली सारले. सत्तरी ओलांडलेलं त्यांचं शरीर. समोरच्या माणसाचे दंड त्यांच्या मांडीएवढे होते. काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं, आणि जे काही बोलू त्याची किंमत कोण आणि कधी चुकवेल, तेही लगेच कळलं.

"उद्याची गाडी चालेल," ते म्हणाले.

"छान."

यंत्र पुन्हा जोडून झालं. जावयानं ताजं पेट्रोल ओतलं, झाकण स्वतःच्या हातानं घट्ट पिळून लावलं आणि उभा राहिला. लेक दारात आली होती. चौकट धरून उभी होती. त्यानं दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. खोकलं, पण या वेळी जरा लांब. लेकीची बोटं चौकटीवर आवळली गेली. तिसऱ्या झटक्याला निळा धूर भसकन बाहेर आला आणि कान भरून टाकणारा आवाज अंगणभर पसरला.

लेकीनं डोळे मिटून घेतले.

आप्पांनी ते पाहिलं आणि त्यांना उमगेना. जावयाला राग येण्याचं एक कारण टळलं, एवढ्यापुरतं ते नव्हतं. परीक्षेच्या निकालात स्वतःचा नंबर दिसला की पोरं असे डोळे मिटतात.

जावई मात्र लहान मुलासारखा खूश झाला होता. "ऐका, आप्पा!" तो ओरडला. "तुम्हाला आवाजातलं कळतं. कसा लागलाय?"

आप्पांनी कान दिला. आवाज सलग होता, भरलेला. "झकास," ते ओरडून म्हणाले, आणि ते खरं होतं. "कुठं अडखळत नाही."

जावयानं अंगठा वर केला, यंत्र वळवलं आणि कुंपणाच्या कडेनं चालायला लागला. त्याच्या मागं कापलेल्या गवताचा सरळ पट्टा उमटत गेला. तो पलीकडच्या टोकाकडे तोंड करून निघाला तसं लेकीनं आप्पांचं मनगट धरलं आणि त्यांना आत ओढलं.

तिनं स्वयंपाकघराचा नळ सोडला, दिवा लावला. ओट्याखालचं कपाट उघडून मोठ्या पातेल्यांच्या मागून एक कापडी पिशवी काढली.

"चप्पल घाला, आप्पा."

"कुठं जायचं?"

"बोलू नका. आवाज आहे तोवर निघायचं."

"अगं, माझी पिशवी वर—"

"राहू दे."

"गोळ्या आहेत तिच्यात."

तिनं हातातली पिशवी जराशी उचलून दाखवली. "घेतल्यात. काल रात्रीच काढून ठेवल्या." पुढच्या दाराशी ती थबकली. तिनं कडी सरकवली, दार उघडलं. "तुमच्या देखत कुलूप लावत नाहीत," ती पुटपुटली.

बाहेर लख्ख सकाळ होती. आवाज घराला वळसा घालून रस्त्यावर येत होता, आणि आप्पांना वाटलं, तो आपल्या मागोमाग चालतोय. ते भरभर पाय उचलायला गेले तसं तिनं त्यांच्या दंडाला धरलं.

"पळू नका. पळणाऱ्याकडे लोक बघतात."

तिसऱ्या-चौथ्या घरासमोर एक बाई गाडी धूत होती. तिनं पाइप बाजूला धरला. "वडील आलेत वाटतं?"

"हो ना," लेक हसून म्हणाली. "म्हटलं जरा पाय मोकळे करून आणू."

"आणा, आणा. छान हवा आहे."

ते कोपऱ्यापर्यंत पोचले असतील नसतील, आणि आवाज थांबला.

एकदम सगळं ऐकू यायला लागलं. झाडावरचे पक्षी, मागं पाण्याचा पाइप, आप्पांचा स्वतःचा श्वास. लेक जागच्या जागी उभी राहिली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिचे डोळे समोरच्या खांबावर खिळले होते.

"गवताची पिशवी भरली असेल," ती म्हणाली. "रिकामी करत असेल तो."

'असेल तो.' आप्पांचे कान ते शब्द तिथल्या तिथं पकडून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, फोनवर, समोर, कुणाच्याही देखत, 'हे' आणि 'ते' आणि 'ह्यांनी'. आज पहिल्यांदा तिनं त्याला एकेरीत उतरवलं होतं.

"मागच्या वेळी असंच निघाले होते मी," ती खांबाकडे बघतच म्हणाली. "अर्ध्यातच बंद पडलं ते. फाटकाला हात लावला होता."

"मग?"

"मग काही नाही."

आप्पांनी पुढं विचारलं नाही. अंथरुणात गेलेले ते आठ दिवस कुणाच्या येण्यानं आले आणि कशानं आले, हे विचारायचं आता उरलं नव्हतं. ते नुसते तिच्या आणि मागच्या रस्त्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले. त्यानं काय होणार होतं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मागं दोरी ओढल्याचा आवाज इतक्या दूर येणं शक्य नव्हतं. आलं ते एकदम इंजिनच, एका झटक्यात, अडखळण्याचं नाव न घेता. लेकीनं श्वास सोडला.

"चला," ती म्हणाली.

मोठ्या रस्त्यावर बस उभीच होती. तिची घरघर वाढली आणि तिच्यात मागचा आवाज विरून गेला. तो चालू आहे की बंद, ते आता कळायला मार्ग नव्हता. आप्पा दांड्याला धरून चढले. लेक एक पाय पायरीवर ठेवून थांबली, मान तिरकी करून, ऐकत.

"ताई, येताय का?" कंडक्टर म्हणाला.

"येतेय."

बस हलली. आतली गर्दी बेताची होती. कंडक्टर जवळ आला. "बोला, कुठलं देऊ?"

आप्पांनी स्टेशन म्हणायला तोंड उघडलं. स्टेशनवरून दुपारची गाडी, संध्याकाळी घर, तिची जुनी खोली, सगळं त्यांनी चालता चालता मांडून ठेवलं होतं. लेकीनं त्यांच्या बाहीला धरलं.

"तुमच्या घरी नाही, आप्पा," ती अगदी हळू म्हणाली. "तिथंच येईल तो आधी."

कंडक्टर वाट बघत होता. आप्पांना घर आठवलं. गॅलरीत दोरीवर धुतलेला सदरा वाळत होता. शेजारणीला ते सांगून आले होते, दोन-चार दिवसांत येतो, झाडांना तेवढं पाणी घाला. लेकीच्या आईनं लावलेली झाडं. किल्ली त्यांच्या आतल्या खिशात होती, चालताना मघापासून टोचत होती.

"ही गाडी जाते कुठवर?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या स्टॉपपर्यंत," कंडक्टर म्हणाला. "त्याच्यापुढं रस्ता आहे, पण आमची गाडी नाही."

"तिथलीच दोन द्या."

तिकिटं घेऊन ते वळले तेव्हा लेक खिडकीशी बसली होती. आप्पांनी तिच्या खांद्याला हात लावला. "तू इकडे सरक," ते म्हणाले, आणि खिडकीची जागा स्वतः घेऊन, रस्त्यावरून ती दिसू नये असे ऐसपैस बसले.